उत्तर दिल्याचा गुन्हा

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. आरोपी होते र. धों. कर्वे, मासिक होते 'समाजस्वास्थ्य' आणि आरोपीच्या बाजूने वकील म्हणून उभे होते डॉ. भीमराव आंबेडकर. खटला कशाबद्दल होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. कर्व्यांनी एखादी कामुक कथा छापली नव्हती. वाचकांनी पत्रे पाठवून काही खासगी प्रश्न विचारले होते आणि संपादकाने त्यांची उत्तरे छापली होती, एवढाच काय तो प्रकार. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा विषय होता, तसाच समलिंगी संबंधांचाही होता. म्हणजे हा खटला प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दलचा होता.

संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून कर्वे आपल्याला ठाऊक असतात. आंबेडकरांच्या वकिलीतील एक प्रसंग म्हणून या खटल्याचा उल्लेखही अधूनमधून होतो. अजित दळवी यांनी लिहिलेल्या आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'समाजस्वास्थ्य' या नाटकामुळे तो नव्या पिढीच्या कानावर गेला, ही समाधानाची बाब. तथापि मराठीतील समलिंगी जाणिवेचा इतिहास लिहिताना आरंभबिंदू म्हणून या खटल्याकडे पाहिले जावे, असे आम्हांस वाटते. हा इतिहास आपण बहुधा १९८१ च्या एका नाटकापासून सुरू करतो. त्याआधी सत्तेचाळीस वर्षे कोणीतरी अनाम मराठी वाचकाने पाकिटावर तिकीट चिकटवून आपला प्रश्न पोस्टात टाकला होता, याची नोंद वाङ्मयेतिहासाने घेतलेली नाही. कथा, कविता, कादंबरी आणि नाटक या चार खणांत वाचकाचे पत्र बसत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

न्यायासनाचा रोख असा होता की, असले विकृत प्रश्न मुळात छापायचेच कशाला आणि विचारले गेले तरी त्यांना उत्तर देण्याचे कारण काय? आंबेडकरांनी केलेल्या प्रतिवादाचा आशय असा सांगितला जातो: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असल्यावर वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे हे संपादकाचे कामच आहे. विकृती म्हणून जे काही असेल, ते ज्ञानानेच दूर होईल. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधार त्यांनी घेतला. काही माणसांची घडणच उपजत तशी असेल, तर त्यांनी आपल्या मार्गाने सुख मिळवण्यात गैर ते काय, इथपर्यंत त्यांचा युक्तिवाद गेल्याचे नमूद आहे. खटला कर्वे हरले. त्यांना दोनशे रुपये दंड झाला. तीन वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल शंभर रुपये झाला होता. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वाचकाला उत्तर देणे हे लेख लिहिण्याहून दुप्पट महाग पडले.

एलिस यांचे नाव न्यायालयात घेतले जावे, हा एक ऐतिहासिक योगायोगच. १८९७ मध्ये इंग्लंडात त्यांचा समलिंगी प्रवृत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी तो विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो नावाच्या माणसावर खटला भरला गेला होता. इकडे जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या बर्लिनमधील संस्थेवर ६ मे १९३३ रोजी हल्ला झाला आणि चार दिवसांनी तिथली पुस्तके जाहीर चौकात जाळण्यात आली. मुंबईतील खटला त्यानंतर एक वर्षही उलटण्यापूर्वीचा. आपण तेव्हा जगाच्या मागे होतो, असे म्हणण्याची सवय आपल्याला आहे. या एका बाबतीत तरी ती सोडून द्यायला हरकत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. आम्ही रत्नागिरीत मराठी शिकवतो, त्यामुळे स्थानिक अभिमानाचा दोष आमच्यावर येईल याची कल्पना आहे. पण नकाशा पाहिल्यावाचून ही गोष्ट पुरती उलगडत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोली तालुक्यातील मुरुडचा. त्यांच्या संततिनियमनाच्या कार्यात पुढे सहकारी झालेल्या शकुंतला परांजपे या मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांची कन्या. मुर्डीही दापोली तालुक्यातच. आंबेडकरांचा जन्म महूचा; परंतु त्यांचे मूळ गाव आंबडवे हे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आणि वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंबाने काही काळ दापोलीत काढलेला. म्हणजे १९३४ च्या त्या कज्ज्यातील आरोपी आणि त्याचा वकील, दोघांच्याही घराण्यांची मुळे एकाच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, एकमेकांपासून एका दिवसाच्या वाटेवर होती. अर्थात दोघांच्या गावांतील अंतर मैलांत मोजण्याजोगे नव्हते. एक चित्पावन ब्राह्मण, दुसरा महार. गावात राहिले असते तर एकाने दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायले नसते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट वेगळीच होती, आणि तिचे नाव बहिष्कार.

आंबेडकरांच्या बाबतीत हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला त्यांचे 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याच वर्षीच्या जुलैत कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. या दोन नियतकालिकांची एकत्र चर्चा झालेली आमच्या वाचनात नाही. दोघांचे वाचक वेगळे, भाषेचा ताव वेगळा. तरीही दोन्ही पत्रे एकच काम करीत होती. ज्या माणसाला बोलू दिले जात नाही, त्याच्या बोलण्याला ती छापील जागा देत होती.

कर्व्यांच्या घरातला बहिष्कार थोडा तपशिलाने सांगावा लागेल. रघुनाथची आई राधाबाई १८९१ मध्ये वारली. धोंडो केशवांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते पत्नीसह मुरुडला गेले, तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केले. कर्व्यांबरोबर बसायचे नाही, त्यांना थारा द्यायचा नाही आणि सख्ख्या भावाने त्यांना घरात घेतले तर त्याच्या घरावरही बहिष्कार. १९१५ च्या 'आत्मवृत्ता'त अण्णांनी हे सारे त्यांच्या नेहमीच्या शांत, जमाखर्च मांडावा अशा शैलीत लिहिले आहे. ते वाचताना कोणाविषयी राग येत नाही; मनात येतो तो घरात असूनही मुलाला हाक मारता न येणाऱ्या म्हाताऱ्या आईचा विचार. रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. खासगी आयुष्याच्या निवडीबद्दल गाव एखाद्याला कसे वाळीत टाकते, याचा धडा त्याला पाठ्यपुस्तकात शोधावा लागला नसावा.

वाळीत टाकण्याची कोकणी रीत समजून घेतली पाहिजे. येथे कोणी अंगावर धावून येत नाही. गावकी ठरवते आणि मग वाणी सामान देत नाही, शेताच्या कामाला माणूस मिळत नाही, शिमग्यात पालखी दारावरून पुढे जाते, मयताला चार खांदे जमत नाहीत. सगळे शांतपणे चालते. या शांततेचे भय ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. आणि म्हणूनच कोकणातील माणूस आपल्या वेगळेपणाचा उच्चार सहसा गावात करीत नाही. तो मुंबईची गाडी पकडतो. पोटासाठी गेलेल्या चाकरमान्यांची संख्या आपण मोजतो. श्वास घेण्यासाठी गेलेल्यांची गणती कोण करणार?

कर्वे कुटुंबाच्या या पार्श्वभूमीवर रघुनाथांचे पुढचे आयुष्य पाहिले की एक संगती लागते. गणिताचा प्राध्यापक, पॅरिसहून शिकून आलेला, १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढणारा आणि त्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागलेला हा गृहस्थ. वडिलांनी विधवांसाठी झोळी घेऊन समाजाकडून पैसा मिळवला. मुलाने समाजाला न आवडणारे बोलून होते तेही गमावले. आमच्यापैकी काहींना रघुनाथांचा तर्ककर्कशपणा खटकतो. स्त्रीच्या कामेच्छेविषयी ते बोलतात तेव्हा भाषेला ओल नसते, हे खरेच. परंतु प्रश्नाला उत्तर देताना ओल नसणे हाही कधी गुण ठरतो. समोरचा माणूस लाजेने अर्धमेला होऊन विचारतो आहे आणि उत्तर देणारा त्याच्याशी आगगाडीच्या वेळापत्रकाविषयी बोलावे तसा बोलतो आहे. त्यात त्या विचारणाऱ्याला केवढा दिलासा असेल! अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' (२००१) या चित्रपटाने त्यांची एकाकी मूर्ती उभी केली. ही पत्रोत्तरे करणारा कर्वे मात्र आम्हांला तितका एकाकी वाटत नाही. १९२७ ते १९५३, मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे त्याला पत्रे येत होती.

तुलनेसाठी हिंदीकडे पाहावे. पांडेय बेचन शर्मा 'उग्र' यांचा 'चॉकलेट' हा कथासंग्रह १९२७ चाच. पुरुषांच्या समलिंगी संबंधांवर हिंदीत इतक्या उघडपणे प्रथमच लिहिले गेले आणि तेही त्याचा निषेध करण्यासाठी. निषेध करणारे पुस्तकही सनातन्यांना सोसले नाही. 'घासलेटी साहित्य' म्हणून त्यावर झोड उठली. उर्दूत इस्मत चुगताईंची 'लिहाफ' १९४२ ची आणि तिच्यावर लाहोरला खटला झाला. हिंदीत निषेधाची कथा, उर्दूत रजईआडची कथा आणि मराठीत प्रश्नोत्तर! ज्या भाषेने ज्ञानप्रसारक निबंध, पत्रे आणि वादविवाद यांवर आपले गद्य पोसले, त्या भाषेत हा विषय सदराच्या रूपाने यावा हे स्वाभाविकच. पण त्यामुळेच तो ललित वाङ्मयाच्या दारात बराच काळ थांबून राहिला.

येथे कायद्याची एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. समलिंगी संबंधांचा विषय निघाला की आपण भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चे नाव घेतो. १८६० च्या संहितेतील हे कलम कृत्याला शिक्षा देणारे होते. कर्व्यांवरचा आरोप अश्लीलतेचा होता. त्यासाठीचे कलम वेगळे, २९२. म्हणजे एका दाराने कृत्य बंद केले होते आणि दुसऱ्याने त्याविषयीचे बोलणे. साहित्याच्या दृष्टीने दुसरे दार अधिक जाचक. ज्याला स्वतःविषयी काही कळून घ्यायचे आहे, त्याला ते कळवणाऱ्यालाच दंड होत असेल, तर कळणार कोठून? स्वतःचा स्वीकार ही आज मानसशास्त्राची परिभाषा झाली आहे. तिच्या आधीची पायरी शब्दांची आहे. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, आणि त्याला नाव आहे, ही वार्ता माणसापर्यंत पोहोचावी लागते. (मराठीत 'स्वीकार' हा शब्द आम्ही लहानपणी प्रथम वाचला तो लग्नपत्रिकेत, आणि तोही नकारार्थी: आहेर स्वीकारला जाणार नाही.)

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत लिंगभावाच्या सरमिसळीला मोकळीक होतीच की. आमच्या जिल्ह्यातल्या नमन-खेळ्यांत पुरुषच गवळणी होतात आणि गाव डोळे भरून पाहतो. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. हे सगळे खरे. मात्र ही मोकळीक रंगमंचाच्या कडेपाशी संपत होती, हे विसरून चालणार नाही. गवळण झालेला पोर सकाळी लुगडे उतरवून नांगराला जातो, म्हणून त्याचे कौतुक. सकाळीही त्याची चाल तशीच राहिली तर त्याला 'बायल्या' म्हणतात. या कडेपलीकडे काय होते, ते आनंद यादवांच्या 'नटरंग'ने दाखवले. कागलच्या मातीतला रांगडा गुणा नाच्याची भूमिका घेतो आणि तिची किंमत त्याच्या अख्ख्या संसाराला मोजावी लागते. राजन गवसांच्या 'भंडारभोग'मधल्या जोगत्याची कड आणखी वेगळी. देवीच्या नावाने त्याला लुगडे नेसवले जाते, पुजले जाते आणि माणसांतून उठवले जाते. पूजा आणि बहिष्कार एकाच हाताने केले जातात, हे गवसांनी सीमाभागाच्या बोलीत लिहिले, तितके नेमके समाजशास्त्रज्ञांना मांडता आलेले नाही, असे आमचे मत आहे. या दोन कादंबऱ्यांना समलिंगी साहित्य म्हणणे चुकीचे होईल. पण परंपरेतील मोकळिकीचा दाखला देणाऱ्यांनी त्या आधी वाचाव्यात.

१९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे. सुमित्रा देवची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. काळ चाळिसाच्या दशकातला, म्हणजे 'समाजस्वास्थ्य' चालू असतानाचा. महाविद्यालयातील सुमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणतात, नमावर जीव टाकते. नाटकात पुरुषाची भूमिका करताना तिला आपल्या मनाचा थांग लागतो, ही योजना वर सांगितलेल्या रंगमंचाच्या कडेवरच उभी आहे. गोष्ट सांगतो बापू, तिच्याविषयी मनात ओढ असलेला, सरळ, किंचित भित्रा मुलगा. नाटकाच्या नावातला श्लेष सर्वांच्या लक्षात येतो: मित्राची म्हणजे सुमित्राची, आणि मित्राची म्हणजे दोस्ताची. आमच्या मते त्याला तिसराही अर्थ आहे. ही बापूचीही गोष्ट आहे. एखाद्याचा मित्र असणे म्हणजे काय, याची. मित्रा त्याला आपले गुपित सांगते तेव्हा त्याच्याजवळ पुस्तक नाही, शब्द नाही, विचारायला माणूस नाही. तो जवळ राहतो, निरोप पोचवतो, तिच्यासाठी मार खातो. शेवटी त्याचाही हात सुटतो आणि मित्रा जगत नाही.

तेंडुलकरांवर असा आक्षेप घेतला जातो की, त्यांनी समलिंगी नायिकेला मृत्यूखेरीज दुसरी वाट ठेवली नाही. आक्षेप अगदीच अनाठायी नाही. जगभरच्या साहित्यात अशा पात्रांच्या वाट्याला गळफास, नदी किंवा वेड येत राहिले आहे आणि मराठी नाटक त्याला अपवाद ठरले नाही. परंतु तेंडुलकरांचा रोख मित्राच्या घडणीकडे आहे असे आम्हांस वाटत नाही. तो बापूच्या अपुरेपणाकडे आहे. एकटा मित्र समाजाची जागा भरून काढू शकत नाही. आजच्या भाषेत ज्याला आधारगट म्हणतात, तो नसताना सगळा भार एका भल्या माणसावर पडला तर काय होते, त्याचे हे नाटक आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही हे नाटक वर्गात शिकवले. चर्चा नेहमीप्रमाणे झाली. मुले खाली पाहत होती, मागच्या बाकांवर हसू फुटले आणि दबले. नंतर तपासायला आलेल्या वह्यांपैकी एकीत, निबंध संपल्यावर खाली, पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती: मित्रा जगली असती तर ती कुठे राहिली असती? वही कोणाची, हे येथे सांगण्याचे कारण नाही. आम्ही शिक्षक. उत्तरपत्रिका तपासण्याची आम्हांला सवय. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच लिहिण्याची वेळ क्वचित येते. 'कसे जगली असती' असे त्या वहीत विचारलेले नव्हते, 'कुठे' असे होते. प्रश्न पत्त्याचा होता.

साहित्याने या पत्त्याचा शोध पुढे घेतला, पण तो बहुतांशी शहरात. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये मौजेने प्रसिद्ध केली. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, त्यात राहायला आलेला एक भाडेकरू आणि त्याच्या प्रेमात पडलेली दोन भावंडे, तनय आणि अनुजा. तो निघून गेल्यावर दोघेही आपापल्या परीने बोलतात. कादंबरीचे खरे धैर्य तिच्या रचनेत आहे: बहिणीचे दुःख घराला दिसते, तिच्यासाठी धावपळ होते; त्याच माणसासाठी भावाला होणारे तेवढेच दुःख त्याच छपराखाली कोणाच्या गावीही नसते. तनयला कोणी छळत नाही, हाकलत नाही. त्याच्यासाठी घरात फक्त जागा नसते. सुमित्रापासून तनयपर्यंत पंचवीस वर्षांत मराठी साहित्य मृत्यूपासून मौनापर्यंत आले. ही प्रगतीच म्हणायची.

कर्व्यांच्या सदराचा खरा वारसा मात्र आम्हांला ललित साहित्याबाहेर दिसतो. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. त्याआधी मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था सुरू केली होती; पण तिची मुख्य भाषा इंग्रजी होती. खिरे यांनी मराठीत लिहिले. 'पार्टनर' ही कादंबरी, समलैंगिकतेचा परिचय करून देणारे 'इंद्रधनू', समलिंगी व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांचे अनुभव सांगणारे 'मनाचिये गुंती'. वाङ्मयीन गुणवत्तेच्या तराजूत 'पार्टनर' 'कोबाल्ट ब्लू'पुढे उणी पडेल. तसे पडणे तिला परवडणारे आहे. ती शंकानिरसनासाठी लिहिलेली कादंबरी आहे. आईला कसे सांगायचे, डॉक्टरांकडे काय बोलायचे, लग्नाला नकार कसा द्यायचा, अशा प्रश्नांची ती कथारूप उत्तरे आहेत. ज्ञानदेवांच्या अभंगातले शब्द पुस्तकाच्या नावासाठी उचलणे ही तर विशेषच लक्षणीय गोष्ट. आपला गुंता परका नाही, तो याच भाषेचा आहे, असा तो दावा आहे.

२०१२ मध्ये वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' आले आणि शिवीचा शब्द मुखपृष्ठावर जाऊन बसला. दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाचे नाव 'कुरूप' ठेवले. नाव ठेवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातून काढून घेण्याची ही रीत दलित साहित्याने मराठीला आधीच शिकवली होती. 'बहिष्कृत' हा शब्द १९२७ मध्ये पत्राच्या माथ्यावर छापला गेला, त्याच घराण्यातली ही नावे आहेत.

कायद्याचा प्रवास आता सर्वश्रुत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फिरवणे, तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचा २०१४ चा निर्णय, ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द होणे, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला जाणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एकूण ३५८ कलमे आहेत, म्हणजे ३७७ हा आकडाच तिच्यात उरलेला नाही. अश्लीलतेचे कलम नव्या क्रमांकाने आहेच.

परंतु रत्नागिरीच्या माणसाला अधिक जवळचा असा एक कायदा या यादीत कधी घेतला जात नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१७ मध्ये तो अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले आधुनिक राज्य, म्हणून त्याचे कौतुक झाले. जातपंचायती आणि गावकी डोळ्यांसमोर ठेवून तो केलेला आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. बहिष्कार कशाला म्हणायचे याची लांबलचक यादी त्यात आहे, आणि त्या यादीत नैतिकता, सामाजिक स्वीकृती, राजकीय कल यांच्याबरोबरच लैंगिकता या कारणावरून केलेला भेदभावही घातलेला आहे. कलम ३७७ पूर्णपणे अस्तित्वात असताना, २०१८ च्या निकालाच्या दोन वर्षे आधी, महाराष्ट्राच्या एका कायद्याने हे मान्य केले की लैंगिकतेवरून माणसाला वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. ज्या संबंधांना एक कायदा अपराध ठरवीत होता, त्यांवरून गावकीने केलेल्या अपराधाला दुसरा कायदा शिक्षा सांगत होता! हा शब्द त्या यादीत कोणी आणि कोणत्या विचाराने घातला, याचा अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने जरूर करावा.

अर्थात कायद्याने खांदे जमत नाहीत. मुरुडच्या ठरावाला १८९३ मध्ये कायद्याची भीती नव्हती आणि आजच्या गावकीला ठराव लिहून ठेवण्याचीही गरज नाही. 'लग्न कधी?' हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर, एस. टी. स्टँडवर आणि मयताच्या घरीही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतेच असेही नाही. ज्याला तो विचारला जातो, तो चार दिवसांची रजा दोन दिवसांवर आणतो. पुढच्या वर्षी गणपतीला येतच नाही. गाव म्हणते, मुंबईला जाऊन पोरगा बदलला. यात बहिष्कार कोणी कोणावर घातला, हे कोणत्याच न्यायालयाला ठरवता यायचे नाही. याउलट आम्ही अशीही घरे पाहिली आहेत की जिथे मुलाबरोबर येणारा 'मित्र' गेली दहा वर्षे गौरीच्या दिवशी पंक्तीला बसतो, त्याच्या पानात आई न विचारता दुसरा मोदक वाढते आणि कोणी काही म्हणत नाही. या न म्हणण्यात स्वीकार किती आणि टाळाटाळ किती? आमच्यातच याविषयी एकमत नाही. एकाला ते कोकणी शहाणपण वाटते. दुसरीला वाटते, तनयच्या घरातलेच हे मौन आहे, फक्त त्याला नारळाचे सारण भरले आहे.

त्या वहीतल्या प्रश्नाखाली आम्ही काय लिहावे यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस खल झाला. 'मुंबईत' असे एकाचे उत्तर होते. 'पुण्यात, २००२ नंतर' असे दुसऱ्याचे, आणि ते त्यातल्या त्यात इतिहासाला धरून होते. शेवटी लाल शाईचे पेन बाजूला ठेवून पेन्सिलीनेच लिहिले: सध्या ग्रंथालयात, शेवटच्या कपाटात, 'आत्मवृत्त' आणि 'कोबाल्ट ब्लू' यांच्या जवळपास, कपाटाला कुलूप नाही. खाली दोन्ही पुस्तकांचे दाखल क्रमांक घातले. वही परत गेली. पुढच्या आठवड्यात 'कोबाल्ट ब्लू' कपाटात नव्हते, आणि नोंदवहीत कोणाचे नाव आहे ते आम्ही पाहिले नाही.